उघड्या खिडकीचा म्हातारा

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. इथल्या, अमेरिकेतल्या आयसेलिनमधलं कुणी विचारलं, की ‘आठवत नाही’ म्हणायचो. सगळं आठवतं.

आमच्या शेजारचा जर्मन म्हातारा खिडकी कधीच लावत नसे, मग बर्फ पडो की वादळ येवो. जुळे मनोरे पडल्यापासून सायरन वाजला की आम्ही देशी लोक पडदे ओढायचो. हा कोपरं टेकून बाहेर वाकायचा. आमचं जमत नसे. एकदा चिडून मी म्हटलं, “हीटिंग काय रस्त्याला देता?”

“तुम्ही मिरचीचा ठसका देता, मी काही बोललो?”

माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ मात्र तोच काढायचा, पुटपुटत, शिव्या देत.

एकदा त्यानेच सांगितलं. तो लहान असताना बर्लिनमध्ये कामगारांच्या मे दिनाच्या मोर्च्यावर बंदी आली. तरी लोक निघाले, त्याचे वडीलही. पोलीस “खिडक्या बंद!” ओरडत गल्लीत शिरले आणि उघड्या खिडक्यांवर गोळ्या झाडू लागले. आईने खिडकी लावली, दाराला कडी घातली. वडील बाहेरून दार ठोठावत राहिले. मग ठोठावणं थांबलं.

“आईला मी दोष दिला नाही,” तो म्हणाला. “फक्त खिडकी लावत नाही.”

पुढे माझ्या मुलाच्या रेस्टॉरंटमधल्या आचाऱ्यांनी आठवड्याला एक दिवस सुट्टी मागितली. “बाबा, मीच यांना इकडे आणलं, आणि मलाच निषेधाचे बोर्ड दाखवतात!” मुलगा भडकला. मोर्च्याला परमिशन मिळाली नाही, तरी ते ओक ट्री रोडवर उभे राहिले. पोलीस येताच पांगापांग झाली. त्यांच्यातला साताऱ्याचा दत्ता, माझ्यासाठी रोज कमी तिखट आमटी वेगळी काढणारा, माझ्या दाराशी आला. “काका, उघडा ना! काका!”

माझा हात कडीवर होता. कडी मी काढली नाही.

म्हाताऱ्याने त्याला आपल्या खिडकीतून आत ओढलं. पोलिसांनी मला विचारलं, तेव्हा मी शेजारच्या दाराकडे बोट केलं. दत्ताचा व्हिसा संपलाय, हे मला ठाऊक होतं. त्याला भारतात परत पाठवलं.

“माझ्या आईला गोळ्यांची भीती होती,” म्हातारा म्हणाला. “तुम्हाला कशाची?”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. बर्फ मात्र काढत राहिला.

शेवटी त्याला नर्सिंग होममध्ये ठेवलं. माफीचं वाक्य घोकतच मी तिथे गेलो. त्याने मला पाहिलं, मग भिंतभर काचेच्या खिडकीकडे पाहिलं.

“उघडा.”

“ती उघडत नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही हेच म्हणणार,” तो म्हणाला आणि कूस बदलली.

घोकलेलं वाक्य तसंच घेऊन मी घरी आलो.