बादली कोणी भरली

सकाळी अंथरुणातून उठून, आवरून, दाराला कुलूप लावून बाहेर पडायला ताईला तीन तास पन्नास मिनिटं लागत. यात आळस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हा आरोप तिच्यावर जन्मभर झाला. आळशी माणूस साडेचारला उठत नाही. ताई उठायची. शर्टांच्या कारखान्यात तिचं काम नऊला सुरू व्हायचं आणि एकोणीस वर्षांत ती एकदाही उशिरा पोचली नव्हती. सव्वाआठला उठून, तोंडावर पाणी मारून, धापा टाकत रोज दहा मिनिटं उशिरा येणारे लोक तिला ‘मालगाडी’ म्हणायचे.

कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसे. शिवून झालेला शर्ट उलटा करायचा, शिवणी बघायच्या, लोंबणारे धागे कापायचे, गुंडी न् गुंडी ओढून पाहायची. बाकीच्या बायका दिवसाला दीडशे शर्ट हातावेगळे करायच्या, ताई सत्तर. पण तिच्या हाताखालून गेलेला शर्ट कधी तक्रार घेऊन परत आला नाही. सुपरवायझर हे जाणून होता. “तिच्या वाटेला जाऊ नका,” असं तो नव्या बायकांना पहिल्याच दिवशी बजावायचा.

ताई चौतीस वर्षांची झाली तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी तिला स्वमग्नता आहे, ऑटिझम आहे, असं सांगितलं. तोवर घरादाराने, शाळेने आणि नातेवाइकांनी तिला मंद, हट्टी, नखरेल अशी जमेल ती नावं ठेवून झाली होती. “म्हणजे हट्टीपणालाच डॉक्टरी नाव,” दादा म्हणाला होता. दादा थोरला, ताई मधली आणि तिच्यानंतर सहा वर्षांनी झालेली धाकटी. ही गोष्ट धाकटीची जास्त आहे. तिला ती कोणाला सांगायला आवडणार नाही, पण त्याला इलाज नाही.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा धाकटीला समोर बसवून नीट समजावलं होतं. तुम्ही-आम्ही अंघोळ करतो म्हणजे एक काम करतो. ताईची अंघोळ म्हणजे चाळीस कामं. नळ बारीक सोडायचा, कारण पाणी जोरात पडलं की तो आवाज तिच्या डोक्यात जातो. बादली आतल्या खुणेपर्यंत भरायची. टॉवेलची घडी उघडून तो दोन्ही बाजूंनी बघायचा. यातलं प्रत्येक काम सुरू होतं आणि संपतं, आणि मागचं संपल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. मधलं एखादं दुसऱ्याने करून टाकलं, तर ते तिच्या लेखी झालेलंच नसतं. मग ती पहिल्यापासून सुरू करते. “तिला मदत करायची असेल तर मदत करू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. धाकटीने मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

आईला हे कोणी सांगावं लागलं नाही. ती स्वयंपाकघरात आपलं काम करत बसायची आणि मधे यायची नाही. मधे न येणं हे केवढं मोठं काम आहे ते आई गेल्यावर कळलं. त्या दोन खोल्यांत ताई एकटी राहू लागली. धाकटी दोन तासांवरच्या गावात, नवरा, दोन मुलं आणि शाळेतली कारकुनी सांभाळून. ती रोज सकाळी फोन करायची. ताई फोन घ्यायची आणि “छोटे, मी आता केस विंचरतेय, हे एकसष्टावं काम आहे,” असं सांगून ठेवून द्यायची. आई गेल्यावर वर्षभर असं चाललं, आणि ठीक चाललं.

मग जिन्यातल्या मीटरच्या पेटीला आग लागली. सकाळी साडेपाचला धूर झाला, सगळी इमारत चार मिनिटांत रस्त्यावर आली, कोणी लुंगीवर, कोणी अनवाणी. ताई पन्नास मिनिटांनी उतरली. अंघोळ केलेली, शर्टाच्या गुंड्या खालपासून वरपर्यंत लावलेल्या, केस विंचरलेले, डोळे धुराने लाल. बंबवाल्याने दार ठोठावलं तेव्हा तिने आतून सांगितलं होतं, “माझं अजून झालं नाही.” आग तोवर विझली होती म्हणून बरं. त्यातही ती घाबरूनच घाई करून उतरली होती, एरवीपेक्षा कितीतरी लवकर. हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. इमारतीत हा किस्सा हसून हसून सांगितला जाऊ लागला. दादा हसला नाही. तो घाबरला, आणि ते बरोबरच होतं, हे कबूल करायला हवं.

“तिला एकटीला ठेवायचं नाही,” तो म्हणाला. त्याने धावपळ करून, एकटं राहू न शकणाऱ्यांसाठी असलेल्या सरकारी निवासगृहात तिचं नाव घातलं. पण तिथल्या कचेरीचा नियम असा होता की आधी निरीक्षक बाई घरी येऊन पाहणार. सकाळची सात कामं, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं. चार कामं वेळेत झाली तर ताई एकट्या राहू शकतात, आठवड्याला आम्ही एक फेरी मारू. नाही तर निवासगृह. ताईचं घर, तिची नोकरी, तिची सकाळ, सगळं त्या एका कागदावर आलं.

ताईला ते समजलं होतं. तिने ती सात कामं वहीत लिहून घेतली. तिने विचारलं, “मला साडेचारला सुरू करता येईल का?” नाही. बाई आठला येणार, तोवर काही सुरू करायचं नाही आणि घरच्यांनी काही मदत करायची नाही, असं कचेरीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ताईने दहा दिवस घरीच सराव केला. कारखान्यातून दहा दिवसांची रजा काढली, आयुष्यात पहिल्यांदा. रोज आठला पलंगावरून उठायचं आणि घड्याळ लावून करायचं. नवव्या दिवशी तिची चार कामं वेळेत बसली. दात, केस, चहा, कुलूप. तिने फोन करून धाकटीला सांगितलं आणि धाकटी फोनवरच रडली.

धाकटी आदल्या संध्याकाळी राहायला आली. सकाळी साडेचारला ताई जागी झाली आणि पलंगाच्या काठावर बसून राहिली, आठ वाजायची वाट बघत. साडेतीन तास नुसतं बसून राहायचं! धाकटीला ते बघवेना. तिच्या हाताला काही चाळा हवा होता. सात वाजता ती न्हाणीघरात गेली आणि तिने बादली भरून ठेवली. मग ब्रशवर पेस्ट लावून ठेवली. बाहेरच्या खोलीतल्या कपाटातून शर्ट-पँट काढून, इस्त्री करून खुर्चीवर रचून ठेवली. चहाचं आधण मोजून पातेल्यात ओतलं. इतक्या कामांत ती इतकी रमली की दादा आल्यावर तिने त्याला हळूच सांगितलं, “मी सगळी तयारी करून ठेवलीय.” दादाचा जीव भांड्यात पडला. “शाबास,” तो म्हणाला.

माया ही फार घाईची गोष्ट असते. डॉक्टरीणबाईंचं एक अक्षरही धाकटीला तेव्हा आठवलं नाही.

आठला निरीक्षक बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, ताईला नमस्कार केला, घड्याळ लावलं आणि म्हणाल्या, “करा सुरू.”

ताई उठली. न्हाणीघरात गेली. ब्रशवर पेस्ट होती. ती बघत राहिली. मग तिने पेस्ट धुतली, ब्रश झटकला, पेल्यात ठेवला, बाहेर आली, पलंगावर बसली आणि पुन्हा उठली. आता बादली दिसली. तिने बादली ओतून दिली, न्हाणीघर कोरडं पुसलं आणि पुन्हा पलंगावर आली. मग खुर्चीवरचे कपडे. तिने ते घडी मोडून कपाटात टांगले, कपाट लावलं, पुन्हा पलंग. पातेल्यातलं पाणी ओतलं, पातेलं घासलं, पुसलं, पालथं घातलं. आठ वाजून बावन्न मिनिटांनी घर जसं असायला हवं तसं झालं आणि ताईने पहिलं काम सुरू केलं. तिच्या मानेवर घाम आला होता.

निरीक्षक बाई लिहीत होत्या. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या फेरीलाच तिला कळलं होतं, आपण काय करून ठेवलंय ते.

“रोज असंच करतात का त्या? भरलेलं पाणी ओतून देणं वगैरे?” बाईंनी विचारलं.

ताईने दात घासायचं थांबवून चूळ भरली. मग दारात येऊन तिने सांगितलं, “बादली मी भरली नव्हती.”

“मग कोणी भरली?”

“माहीत नाही. मी नव्हती भरली.”

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. मी भरली, असं म्हणायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. पण मदत करायची नाही असं पत्रात लिहिलं होतं, दादासमोर फुशारकी मारून झाली होती, आणि लाज फार चपळ असते. शिवाय आणखी एक गोष्ट होती. ताई निवासगृहात गेली तर उद्यापासून सकाळचा फोन करावा लागणार नाही, असा एक विचार त्याच क्षणी धाकटीच्या मनात येऊन गेला. आला आणि गेला, पण आला होता.

“कधी कधी करते,” धाकटी म्हणाली.

बाईंनी लिहिलं की स्वतः केलेलं आठवत नाही. ताई पुन्हा पलंगावर जाऊन बसली, कारण चूळ मधेच भरली गेली होती.

दोन महिन्यांनी ताई निवासगृहात गेली. पंधरा दिवस धाकटी मूग गिळून बसली, मग तिला राहवेना म्हणून तिने दादाला फोनवर सगळं सांगितलं.  दादा म्हणाला, “पन्नास मिनिटं ती धुरात होती. ते विसरलीस का?”  खरं सांगायचं तर ते ऐकून धाकटीला बरंच वाटलं.

निवासगृह स्वच्छ आहे. तिथल्या मदतनीस बायका प्रेमळ आहेत आणि प्रत्येकीकडे नऊ जणी आहेत. सहा वीसला अंघोळी सुरू होतात, प्रत्येकीला सात मिनिटं. पहिले तीन आठवडे ताई किंचाळायची. मग थांबली. आता तिचं उठल्यापासून सगळं बावीस मिनिटांत आवरतं. दादाला हे कळलं तेव्हा त्याने आपणहून धाकटीला फोन केला. “बघ, होतं की नाही!” तो म्हणाला. कारखाना सुटला, कारण निवासगृहाची गाडी त्या बाजूला जात नाही. सुपरवायझरने कचेरीला दोन पत्रं पाठवली. ती फाइलला लागली.

पाचव्या महिन्यात धाकटी तिला फिरायला न्यायला गेली. मोठं फाटक, कडेला झाडं, तिथवर जाऊन यायचं एवढंच. “चल ताई, सँडल घाल,” ती म्हणाली.

ताई पलंगाच्या काठावर बसली आणि तिने दोन्ही पाय पुढे केले.

“तू घाल ना.”

ताई पायांकडे बघत राहिली. हात मांडीवर तसेच. शर्टाची गुंडी न् गुंडी ओढून बघणारे ते हात. धाकटीने सँडल तिच्या पुढ्यात सरकवली, पट्टा मोकळा करून दिला, वाट बघितली. एक मिनिट. चार मिनिटं. ताईचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला आणि हवेतच थांबला.

मदतनीस दारातून डोकावली. “अहो, घालून द्या. त्यांच्या भरवशावर राहिलात तर संध्याकाळ होईल इथे.”

ताईचा हात अजून वरच होता. तो खाली, पट्ट्याकडे चालला होता की नाही हे धाकटीला सांगता आलं नसतं. तिची बस पावणेपाचला होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, खाली बसली, आणि दोन्ही पट्टे तिनेच लावले. ताईने हात मांडीवर परत ठेवला.

फाटकापर्यंत जाऊन आल्या. धाकटी स्टँडवर पोचली तेव्हा बस सुटायला अजून बारा मिनिटं होती.