चन्नप्पांचा शेवटचा शनिवार

खोटं कशाला बोलू, चन्नप्पांना घरी बसवायचं खूळ माझंच. मी करकंबचा ऋतुराज, नवाकोरा इंजिनियर, सोलापूरच्या या कापड कारखान्यात चार महिन्यांचा. चन्नप्पा वीस वर्षं वॉलहँगिंगची चित्रं मागासाठी तयार करत आलेले, तेही बेसिक नावाच्या जुन्यापुराण्या भाषेतल्या प्रोग्रॅमवर. माझं सगळं पायथन या नव्या भाषेत. जेवताना मी डिवचायचो, "काका, म्युझियममध्ये ठेवा की ते!" ते भाकरी मोडत हसायचे. मी मात्र मालक महेश्वरशेठच्या कानाशी लागलो आणि सगळं पायथनमध्ये लिहून दिलं. शेठनी आम्हा दोघांसमोरच सांगितलं, शुक्रवारचं सॅम्पल नीट उतरलं तर शनिवार चन्नप्पांचा शेवटचा. त्यांची मुलगी धनलक्ष्मी यंदा बारावीला आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो.

शुक्रवारी सॅम्पल मागावर चढलं, एका हॉटेलच्या नावाचं वॉलहँगिंग. हैदराबादचे व्यापारी साडेपाचच्या गाडीनं ते घेऊन जाणार होते. मागावर वरून हॉटेलचं नाव झकास दिसत होतं. एक वाजता कापड काढून पालटलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. सगळी अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी! आमच्याकडं वॉलहँगिंग पालथं विणतात, चांगली बाजू खाली. चन्नप्पांच्या प्रोग्रॅममध्ये चित्र उलटवणाऱ्या दोन ओळी होत्या. मला ती म्हाताऱ्याची चूक वाटली, मी त्या गाळल्या. विचारलंही नाही. एवढा माज!

पुन्हा विणायला तीन तास लागणार होते. धावत चन्नप्पांकडं गेलो.

"काका, तुमच्याच प्रोग्रॅमवर काढा. लवकर!"

"माझ्यावर आजचं निघंल. मी गेल्यावर पुढच्या चित्रांचं काय? तुझंच उघड. उलटवायचं कसं लिहितात तुझ्यात?"

मी लिहीत गेलो, ते स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ तपासत गेले.

"घरी कन्नड, तुझ्याशी मराठी, मागवाल्यांशी तेलुगू. काम झाल्याशी मतलब. त्यात भांडायचं काय?" ते म्हणाले. मग लगेच, "आता नीट उतरंल न्हवं?" दोनदा विचारलं. नीट उतरलं तर त्यांचीच नोकरी जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

माग खडखडत राहिला. मी घड्याळाकडं बघायचो, मग त्यांच्याकडं. साडेचारला कापड उतरलं, पालटलं. अक्षरं सरळ.

शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! जिंकलास की!"

"शेठ, चूक माझी होती, दुरुस्ती काकांची. त्यांना काढू नका."

"दुरुस्त झालं ना? मग दोघं कशाला?" म्हणत ते व्यापाऱ्यांना सोडायला गेलेसुद्धा.

मी परत आलो. चन्नप्पांनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली होती.

"काय म्हणले शेठ?"

"दोघं कशाला, म्हणाले," मी सांगून टाकलं. लाजेनं मेल्यासारखं झालं.

"बरं. उद्याचा दिवस हाय की अजून," ते म्हणाले. "काठाचं, रंगाचं लई बारीकसारीक हाय. वही काढ. लिहून घे."

मी वही काढली आणि वर आधी त्यांचं नाव लिहिलं.