पाव फिरवा
समस्त बोल्टधारकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बोल्ट किती आवळावा हा प्रश्न ताकदीचा नसून भाषेचा आहे. परवा वाटूरला सागाच्या भुशाचा वास आला आणि मंठ्यातलं माझं सुतारकामाचं शेड आठवलं. तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्ताला सासऱ्यांच्या नव्या घराची चौकट द्यायची होती, आणि जालन्याहून आलेले बुजुर्ग मिस्त्री रंधा मशीनची मोटार बसवून निघताना म्हणाले, "दोन घंटे चालवा, मंग बोल्ट पाव फिरवा, बस." मला संशय आलाच. बोल्ट मुद्दाम ढिले ठेवलेत, म्हणजे पुन्हा यांनाच बोलवायचं! त्यात मिस्त्री घरी उर्दू बोलणारे, तेव्हा पाव म्हणजे पाय, हे मी लगेच ताडलं. दोन तासांनी बोल्टला पाना अडकवला, खांबाला धरून पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो, वर एक उडीही मारली, आणि बोल्टचं डोकं कट्‌कन तुटून भुशात पडलं. संध्याकाळी निरोप मिळताच मिस्त्री परत आले; चौकट बघायला सासरेही येऊन बसले होते. ते डोकं बोटांत फिरवत, आधी सासऱ्यांकडे, मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "ह्याला हात कुणाचा लागला?" आता सासरेही माझ्याकडे बघायला लागले, तसा मी ओरडलो, "हात न्हाई चाचा, पाय! तुम्हीच बोलल्ते ना, पाव फिरवा!" आजही पाना हातात धरला की कपाळावर हात मारून घेणारे चाचा डोळ्यांपुढे येतात: "या अल्ला! शेठ, तुमच्यासाठी तं मी मराठीत बोल्लो होतो!"