करप्याचा पहिला ठिपका

माझ्या धाकट्या काकांना गावात सगळे ‘सभापती’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. चार शेतकरी कुठे उभे दिसले की हा माणूस सभा भरवायचा. आमच्याकडचे टोमॅटोवाले म्हणजे एकेक नग. कुठलं बियाणं लावलं ते शेजाऱ्याला कळू नये म्हणून रिकामी पाकिटं जाळून टाकणारे! स्वतःला धरून अशा अठरा जणांची मोट बांधण्यात काकांची दहा वर्षं गेली. दारोदार हिंडून चपला झिजल्या, बोलणी खाल्ली ती वेगळीच.

गटाचा नियम एकच. पानावर करपा रोगाचा पहिला ठिपका ज्याला दिसेल त्याने त्याच दिवशी सगळ्यांना फोन करायचा, आणि सगळ्यांनी मिळून फवारायचं. “करप्याला बांध कळत नाही,” असं काका सांगायचे. दोन हंगाम नियम पाळला गेला आणि कुणाचंच पीक गेलं नाही.

यंदा एक मोठा खरेदीदार आला. निरोगी शेतातला सगळा माल उचलणार, करपा दिसेल ते शेत सोडून देणार, म्हणाला. झालं! माल उचलायला आठवडा उरला असताना आमच्याच शेतात ठिपका दिसला. बाबांनी मला बाजूला घेतलं. “तोंडाला कुलूप लाव. जा, औषध घेऊन ये.”

“आणि काका?”

“त्याला सांगितलं की गावाला कळलंच.”

सख्खा भाऊ बरं का!

दुकानदाराने बाटली कागदात गुंडाळून दिली. “ताई, तुमच्या गटातल्या आज तुम्ही सहाव्या,” तो हसत म्हणाला. “जो तो म्हणतो, कुणाला सांगू नका.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बाटली मी घरी आणलीच.

सहाव्या दिवशी करपा काकांच्या शेतात उतरला. त्यांनी संध्याकाळच्या आत सतरा फोन केले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आभार मानले. सकाळी खरेदीदाराच्या माणसाने त्यांचं एकट्याचं शेत वगळलं. त्याचे कान कुणी भरले, मला ठाऊक नाही. बाकी सगळ्यांचा माल ट्रकमध्ये चढला. काकांचं उभं पीक आठवड्याभरात काळं पडलं, आणि काकू एकटीच झाडांच्या सुतळ्या सोडत बसली.

मग काका आमच्याकडे आले. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. “दादा, माझं गेलं ते गेलं. पण मी वेळेवर सांगितलं, म्हणून तुम्ही सतरा जण वाचलात की नाही?”

बाबांनी मान वर केली नाही. “हो रे. तुझ्यामुळेच.”

“बघ, मी म्हणत नव्हतो?” काकांचा चेहरा उजळला. गटाच्या सभांचं इतिवृत्त मी लिहिते, म्हणून ते माझ्याकडे वळले. “लिही पोरी. नियम पाळला, म्हणून सतरा शेतं वाचली.”

मी लिहिलं. खाली पहिली सही बाबांनी केली.