सरांची खोली

परवा बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेतला आणि त्या वासाने मी रांग सोडून बाजूला झाले. मानसशास्त्रात एम.ए. करताना प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडायला मी भंडाऱ्याच्या कॉलेजात सरांच्या खोलीत उभी होते, तेव्हाही हाच वास होता.

मैत्रीण सुनंदा सोबत होती. माझा विषय होता बिड्या वळणाऱ्या बायांचा मानसिक ताण. माझी आई आसगावात बिड्याच वळायची. सरांनी प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा चोळत माझा अर्ज वाचला, खिडकीतून पचकन थुंकले आणि हसले.

"बिडीवाल्या बायांले कायचा आला ताण? गावोगाव कायले हिंडते? घरीच बसून भरून टाक प्रश्नावल्या. माझ्याकडे सगळे तसंच करतेत. मार्क मी देतो ना!"

हनुवटीवर ओघळलेली थुंकी त्यांनी माझ्याच अर्जाच्या कोपऱ्याने पुसली.

"मले नाही जमणार, सर," म्हणत सुनंदा वळली आणि शेजारच्या खोलीतल्या मॅडमकडे गेली. मॅडम कडक होत्या, मार्क देताना हात आखडायच्या. मी मात्र सरांबरोबर हसले आणि त्याच ओल्या कागदावर त्यांचं नाव लिहिलं.

तेव्हा किळस आली ती सरांची. आता ते माझं हसणं आठवलं की स्वतःचीच येते.

त्याच आठवड्यात घरी अंगणात बसून मी सगळ्या प्रश्नावल्या मनानेच भरल्या. समोर सुपात तेंदूची पानं घेऊन आई बिड्या वळत होती.

"कायचे कागद भरून राहिली वं?" तिने विचारलं.

"कॉलेजचे," मी म्हणाले. तिला मी एकही प्रश्न विचारला नाही.