ठमाबाईचा फोटो

टेमघरच्या त्या साप्ताहिकात सावळाराम काय करतो, असं कुणी विचारलं की मालक केसरीनाथशेठ हसून सांगत, "फोटोंची बारशी करतो." चेष्टा होती, पण खोटी नव्हती. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो धाडायचे. त्या फोटोंची नावं म्हणजे लांबलचक आकडे, नाहीतर 'आई', 'बाबा', 'फायनल', 'खरा फायनल'. ऑफिसातली पोरगी मृणाली मजकूर टाईप करी आणि त्यातल्या नावाचा फोटो यंत्र आपणहून शोधून चौकटीत बसवी. नाव जुळलं की त्याचं काम संपलं. चेहरा बघायला त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून फोटोला बरोबर नाव देणं सावळारामच्या गळ्यात पडलं. आधीची वीस वर्षं तो कात्री आणि खळ घेऊन पानं चिकटवायचा. यंत्रानं कात्री नेली, माणूस तेवढा खुर्चीवर राहिला.

एका शुक्रवारी अंक निघाला आणि दुपारी पूर्णा गावचा नवशा दारात उभा राहिला. गोदामात माल भरणारा गडी. त्याची आई ठमाबाई वारली होती, तिच्या श्रद्धांजलीचे पन्नास अंक त्यानं दहाव्याला पाव्हण्यांना वाटायला घेतले होते. त्यानं अंक टेबलावर ठेवला.

"ही आमची आय न्हाय," तो म्हणाला.

सावळारामनं पाहिलं आणि घाईनं फोटोंची नावं तपासली. त्यानं फोटोला 'ठमाबाई पूर्णा' असं नाव दिलं होतं, मृणालीनं मजकुरात नुसतं 'ठमाबाई' टाकलं होतं. यंत्रानं जुन्या फोटोंतली नुसती 'ठमाबाई' उचलली. ती दुसऱ्याच गावची, महिन्यापूर्वी पंचाहत्तरीच्या शुभेच्छांत झळकलेली, चांगली हिंडतीफिरती बाई. तिला कळलं तेव्हा ती म्हणे हसली, "बरं झालं, आयुष्य वाढलं." तिचं वाढलं. नवशाच्या आईचं काय?

"पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू," केसरीनाथशेठ म्हणाले.

"शेठ, दहावा सोमवारी हाय," नवशा म्हणाला. तो भांडला नाही. भांडला असता तर सावळारामला बरं वाटलं असतं. "तिचा जन्मात येकच फोटो. गोदामाच्या गेटपासचा. पेपरात येनार म्हनून समद्यांना सांगितलेलं."

सावळारामनं ते पन्नास अंक मागून घेतले. गेटपासच्या फोटोच्या पन्नास प्रती काढल्या, चौकटीच्या मापाच्या, आणि गठ्ठा वडप्याला घरी आणला. त्याची बायको मैना हिनं काही न विचारता मैद्याची खळ शिजवली. रविवारी सकाळपासून दोघं ओटीवर बसली. तो कापायचा, ती चिकटवायची. मध्येच मैना एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "कपाळावर बघा किती घाम हाय. कामावरनंच उभी केली आसंल फोटूला." मग तिनं ओल्या फडक्यानं कडेची खळ पुसली, अगदी हलक्या हातानं.

"मला आधी घरच्यांना दाखवायला पाहिजे होतं," सावळाराम म्हणाला.

"मग आता दाखवत जा," मैना म्हणाली.

सोमवारी नदीकाठी त्यानं गठ्ठा नवशाच्या हाती दिला. नवशानं वरचा अंक उचलला. फोटोची कड कागदावर जराशी उठून आली होती, तिच्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"हीच," तो म्हणाला.

त्या दिवसापासून सावळारामनं नियम केला. नाव कितीही चोख असो, श्रद्धांजलीचं पान छापायला जाण्याआधी फोटो घरच्यांना धाडायचा, फोन करायचा आणि त्यांच्या तोंडून 'हीच' किंवा 'हाच' ऐकायचं. केसरीनाथशेठ कुरकुरले, मृणालीला तर हा काकांचा चळ वाटायचा. लोक फोनवर गप्प होत, मग सावळाराम "हॅलो, हॅलो" करत नेटवर्कच्या नावानं बोटं मोडी.

गेल्या माघात मैना गेली. तीन दिवसांचा ताप आणि संपलं. मजकूर सावळारामनंच लिहिला, फोटोही त्यानंच दिला. फोटोचं नाव आणि मजकुरातलं नाव त्यानं तीनदा ताडून पाहिलं. काना-मात्रेचा फरक नव्हता.

गुरुवारी दुपारी मृणालीचा फोन आला.

"काका, फोटो पाठवलाय. बघून सांगता?"

"अगं, नाव मीच दिलंय त्याला. बरोबर हाय."

"नाव बरोबरच आहे, काका." ती हळू आवाजात म्हणाली. "पण नियम तुमचाच आहे ना."

त्यानं फोटो उघडला. मैना ओटीवर बसलेली, कशाला तरी हसणारी. एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला की पान छापायला जाणार आणि मैना गेली हे सगळ्या तालुक्यात कायम होणार. इतकी वर्षं आपण हाच शब्द लोकांच्या तोंडून काढून घेत होतो, आणि ते गप्प झाले की नेटवर्कला दोष देत होतो, हे त्याला आता कळलं.

पलीकडे मृणालीनं एकदाही "हॅलो" म्हटलं नाही. ती थांबून राहिली.

"हीच," सावळाराम म्हणाला.