यमीच्या गुडघ्याची वाटी

हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

यमी माझी धाकटी बहीण. कोळवणला भाताच्या बांधावर आमचं भांडण झालं — कशावरून, ते आठवतही नाही — आणि मी तिला ढकललं. रागाने, मुद्दाम. तिचा गुडघा दगडावर आपटला. घरी मी सांगितलं, चालता चालता पाय आपोआप मुडपला. एवढीशी पोर ती, तिनेही मान डोलावली. का डोलावली असेल?

तेव्हापासून तिच्या गुडघ्याची वाटी जागेवर राहिलीच नाही. पाऊल टाकलं की बाजूला सरकायची. आमची आत्याही लंगडायची, त्यामुळे हे या घराच्या रक्तातच आहे, असं गावाने ठरवून टाकलं. खोटं कशाला बोलू — माझा जीव भांड्यात पडला.

साठ सालानंतर मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांची देखभाल करायला लागलो. तिथले डॉक्टर धडधाकट उंदरांच्या गुडघ्याची वाटी बाजूला सरकवून टाके घालायचे — सांधा कसा झिजतो ते बघायला. झिजायचाच. उंदीर पाय ओढायला लागायचे, यमीसारखेच. पण त्यातली एक मादी व्याली आणि तिची पिल्लं पिंजराभर सरळ धावली. मी भीत भीत डॉक्टरांना विचारलं. ते हसले. मार लागलेला गुडघा पोरांत कसा उतरेल, म्हणाले.

रक्ताच्या आड मी इतकी वर्षं लपलो होतो, तो आडोसाही गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जांब्याहून यमीला बघायला माणसं आली. मुलाला ती पसंत होती. त्याच्या आईने चहा घेता घेता मलाच विचारलं, "तुमी डाक्टरांत वावरता. ह्ये रक्तातलं हाय, का मार लागलाय? उद्या पोरंबाळं अशीच निपजली तर?"

मार लागलाय — एवढंच म्हणायचं होतं. पण मग कसा, कधी, कुणामुळे? वडील शेजारीच बसले होते. मी बशीकडे बघत राहिलो. माझं गप्प बसणं हेच त्यांनी उत्तर धरलं. यमी दाराशी उभी होती — माझ्याकडेच बघत.

त्यानंतर तिला बघायला कुणी आलं नाही.

दर भाऊबीजेला मी कोळवणला जातो. ती भिंतीला धरून उठते, पाट मांडते, मला ओवाळते. आणि मी ओवाळून घेतो.